सादळलेली दारू आणि पाच नोव्हेंबर

लंडनमध्ये प्लेग होता, म्हणून पार्लमेंटचं अधिवेशन पुढे ढकललं गेलं. त्याचा फटका बसला सभागृहाखालच्या तळघरात लपवलेल्या बंदुकीच्या दारूच्या 36 पिंपांना. साल 1605. रॉबर्ट केट्सबीच्या कॅथलिक टोळीला प्रोटेस्टंट राजा पहिला जेम्स आणि अख्खं पार्लमेंट एकदमच उडवायचं होतं. पिंपं सांभाळायला होता गाय फॉक्स. तारीख पाच नोव्हेंबरपर्यंत लांबत गेली आणि दारू महिनोन् महिने तिथेच पडून राहिली.

बंदुकीच्या दारूत सोरा (पोटॅशियम नायट्रेट), कोळसा आणि गंधक साधारण 75:15:10 या प्रमाणात असतात. जळतो कोळसा, गंधकामुळे ठिणगी चटकन धरते. पण खरी करामत सोऱ्याची. त्याच्या पोटातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे बंद पिंपातही आग गुदमरत नाही. त्या काळी इंग्लंडमध्ये हा सोरा तबेल्यांतल्या आणि कबुतरखान्यांतल्या मलमूत्र मुरलेल्या मातीतून काढत. सरकारी माणसं त्यासाठी लोकांच्या जमिनी उकरत, आणि लोक साहजिकच वैतागत. असा सोरा नीट शुद्ध केला नाही, तर त्यात कॅल्शियम नायट्रेट उरतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि दारू सादळते.

एका निनावी पत्रामुळे कट फुटला, फॉक्स मध्यरात्री पकडला गेला. जप्त दारू टॉवर ऑफ लंडनमध्ये जमा झाली तेव्हा नोंदीत शेरा पडला: खराब. मग ती उडाली असती का? 2005 मध्ये एका टीव्ही कार्यक्रमासाठी सभागृहाची काँक्रीटची प्रतिकृती टनभर दारूनं उडवून पाहिली, तेव्हा तिच्या चिंधड्या झाल्या. पण ती दारू तळघरात मुरलेली नव्हती, एवढं माझं आपलं शंकेखोर मन म्हणतं.

राजा वाचला म्हणून लंडनकरांनी त्याच दिवशी, पाच नोव्हेंबरला, शेकोट्या पेटवल्या. पुढे कायदाच झाला, आणि हा दिवस साजरा करण्याची सक्ती 1859 पर्यंत टिकली. शेकोटीत जाळायच्या चिंध्यांच्या पुतळ्याला गाय फॉक्सवरून ‘गाय’ म्हणतात. तो घेऊन पोरं रस्त्यात पेनी मागत. यॉर्कशरमध्ये या रात्री आलं, ओट आणि काकवीचा पार्किन केक खातात. ससेक्समधल्या लुइस गावची मिरवणूक सगळ्यांत दणकेबाज: तिथे 1550 च्या दशकात जिवंत जाळलेल्या 17 प्रोटेस्टंटांसाठी 17 जळते क्रूस निघतात.

या रात्रीच्या आतषबाजीतले रंग मात्र फार उशिराचे. जुन्या दारूतून सोनेरी-पांढऱ्या ठिणग्याच निघत. एकोणिसाव्या शतकात पोटॅशियम क्लोरेट आलं, ज्वाला जास्त तापली, मग स्ट्रॉन्शियमनं लाल आणि बेरियमनं हिरवा रंग खुलला.

त्याच शतकात, 1834 मध्ये, पार्लमेंटची जुनी वास्तू खरोखरच जळाली. दारूनं नव्हे. हिशेबाच्या खाचा पाडलेल्या जुन्या लाकडी काठ्या भट्टीत अंमळ जास्तच कोंबल्या होत्या.