आदेश-नियंत्रण कार्यांतील संघरचना

हवाई संरक्षण किंवा आपत्ती-नियंत्रण कक्ष अशा ठिकाणी अनेक जण आपापल्या वाट्याची माहिती जोडून अल्पावधीत निर्णय घेतात. तेथे माहिती कोणामार्फत जाते, साधने कोणाच्या ताब्यात असतात आणि निर्णय कोणत्या पातळीवर होतो, या मांडणीला संघरचना म्हणतात.

हॅरल्ड लेव्हिट यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच-पाच जणांचे गट केवळ लेखी चिठ्ठ्यांनी बोलून कोडी सोडवीत. सर्व चिठ्ठ्या मध्यवर्ती व्यक्तीकडे येणाऱ्या 'चाक' रचनेत चुका कमी झाल्या. प्रत्येकाला फक्त दोन शेजाऱ्यांशीच बोलता येणाऱ्या 'वर्तुळ' रचनेत त्या वाढल्या, परंतु तिच्यातील सदस्य अधिक समाधानी होते. ही कोडी सोपी होती, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. गुंतागुंतीच्या कामांत मध्यवर्ती व्यक्तीवरच भार साचतो, असे पुढील अभ्यासांत दिसले.

जॉन हॉलेनबेक व सहकाऱ्यांनी संगणकीय युद्धसदृश कार्यात चौघांचे संघ अभ्यासले. कार्यवार रचनेत एकाकडे सर्व रणगाडे, दुसऱ्याकडे सर्व हेलिकॉप्टर अशी वाटणी होती, तर विभागवार रचनेत प्रत्येकाकडे स्वतःचे क्षेत्र आणि त्यात सर्व प्रकारची साधने होती. घडामोडींचा अंदाज बांधता येई तेव्हा पहिली आणि त्या अनिश्चित असत तेव्हा दुसरी रचना सरस ठरली (२००२). त्याहून मोलाचा निष्कर्ष २००४ चा आहे : कार्यवार रचनेतून विभागवार रचनेत जाणारे संघ सहज जुळवून घेतात, उलट दिशेने जाणारे मागे पडतात, कारण स्वतंत्रपणे काम करण्याची सवय जडलेल्यांच्या अंगी परस्परांना विचारण्याची व साहाय्य करण्याची रीत मुरलेली नसते.

१९४० मधील ब्रिटिश हवाई संरक्षणात, म्हणजे लढाऊ विमानदलाचे प्रमुख ह्यू डाउडिंग यांच्या व्यवस्थेत, कार्यवार व विभागवार ही दोन्ही तत्त्वे एकत्र आढळतात. रडार केंद्रांचे अहवाल बेंटली प्रायरी येथील मुख्यालयात एकाच ठिकाणी पारखून तेच चित्र खालच्या सर्व पातळ्यांना दिले जाई. कोणते स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) पाठवायचे ते ग्रुप, म्हणजे मोठ्या प्रदेशाचा विभाग, ठरवी, त्यांना सेक्टरचा, म्हणजे ग्रुपमधील लहान क्षेत्राचा, नियंत्रक मार्ग दाखवी आणि शत्रू दिसताच सूत्रे आकाशातील म्होरक्याकडे जात. ग्रुप मात्र भौगोलिक क्षेत्रांनुसार पाडलेले होते, आणि दोष नेमका त्या सीमेवर उघड झाला : ११ क्रमांकाच्या ग्रुपचे प्रमुख कीथ पार्क यांची तक्रार होती, की आपली विमाने हवेत असताना शेजारचा १२ क्रमांकाचा ग्रुप आपल्या विमानतळांचे पुरेसे रक्षण करीत नाही.