घरबागेसाठी ठिबक सिंचन (नाशिक)

अंगणातल्या, परसातल्या किंवा गच्चीवरच्या झाडांना नळ्या आणि ड्रिपरमधून (थेंब सोडणाऱ्या छोट्या तोट्यांमधून) थेंबाथेंबाने, थेट मुळाशी पाणी देण्याची पद्धत. महादेवाच्या पिंडीवरची गळती ज्याने पाहिली आहे त्याला तिचे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आजचे ठिबक इस्राएलमध्ये सिम्खा ब्लास यांच्या प्रयोगांतून १९६०च्या दशकात आकाराला आले. नाशिक जिल्ह्यात ते द्राक्षबागांनी रुजवले. दिंडोरी-निफाडच्या बागांना लागणारे सामान इथे सुटे मिळते, म्हणून वीस कुंड्यांसाठी तयार संच घ्यायची गरज नसते.

मुळांभोवती वाफसा टिकवणे हा ठिबकचा खरा हेतू. वाफशाच्या मातीत ओलही असते आणि हवाही. पाइपने रोज भरभरून पाणी घातलेल्या कुंडीत मुळांना हवा उरत नाही आणि घातलेले खत तळाच्या भोकातून वाहून जाते.

सामान निवडताना आधी टाकीची उंची पाहावी. पाण्याच्या १० मीटर उंचीला साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो. गच्चीवरची टाकी कुंड्यांपेक्षा दीडच मीटर वर असेल, तर दाब जेमतेम ०.१५ किलो. एवढ्या दाबावर शेतातले दाब-नियंत्रित ड्रिपर नीट चालत नाहीत. तिथे फिरवून कमी-जास्त करता येणारे साधे ड्रिपर किंवा नुसती बारीक नळी बरी. त्याच टाकीचे पाणी दोन मजले खाली अंगणात आणले तर दाब चांगला मिळतो. टायमर घेतानाही हेच विचारावे, कारण काही टायमरचा व्हॉल्व्ह दाबाशिवाय उघडतच नाही. टाकीसाठी बॉल व्हॉल्व्हचा टायमर घ्यावा.

जोडणीत टाकीनंतर कॉक, मग जाळीचा फिल्टर, मग १६ मिमीची काळी नळी आणि तिच्यातून कुंडीकुंडीला ४ मिमीची बारीक नळी असा क्रम असतो. फिल्टरवरचा बाण पाण्याच्या दिशेने ठेवावा. फिल्टर वगळून वाचवलेले पैसे महिनाभरात तुंबलेल्या ड्रिपरमध्ये जातात. नळी तासभर उन्हात टाकली की नरम पडून सरळ होते. बारीक नळीचे टोक कोमट पाण्यात बुडवले की जोडावर सहज चढते. भोके पंचनेच (भोक पाडायच्या हत्याराने) पाडावीत. खिळा तापवून पाडलेले भोक हमखास गळते. शेवटची टोके बंद करण्याआधी पाणी मोकळे सोडावे, म्हणजे भोके पाडताना आत पडलेला प्लॅस्टिकचा चुरा निघून जातो.

मग पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरखाली एकेक बाटली ठेवून १५ मिनिटे मोजावीत. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली १ लिटर जमायला हवे. शेवटच्या बाटलीत फारच कमी भरले, तर ओळ लांब झाली आहे. ती दोन भागांत तोडावी. ही चाचणी कंटाळा न करता करावीच, कारण ओळीच्या टोकाची झाडे सुकली की लोक दोष मातीला देतात.

काळ्या मातीत ओल आडवी पसरते, मुरमाड मातीत सरळ खाली जाते. म्हणून मुरमाड जागी ड्रिपर जवळजवळ लावावेत. लिंबू, कढीपत्ता यांना ड्रिपर बुंध्याला चिकटवू नये, पानांच्या पसाऱ्याच्या कडेखाली दोन-तीन ठेवावेत. वेळ ठरवताना बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. एप्रिल-मेच्या उन्हात गच्चीवरच्या मोगऱ्याला सकाळ-संध्याकाळ पाणी लागते, थंडीत एकदाही पुरते. पावसाची झड लागली की कॉक बंद ठेवावा.

बोअरच्या पाण्याचे क्षार ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे साचतात. असे ड्रिपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवावेत. फिल्टरची जाळी आठवड्याला धुवावी, पाणी गढूळ येत असेल तर आधीच. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात खारुताया नळी कुरतडतात. बागेत एका पसरट भांड्यात पाणी भरून ठेवले की हा त्रास बराच कमी होतो.