मधली मरगळ (कादंबरीलेखनाच्या महिन्यातील)

तीस दिवसांत कादंबरीचा पहिला खर्डा लिहून काढायचा, असे ठरवून बसलेल्या लेखकाचा हात साधारण दहाव्या ते अठराव्या दिवसाच्या दरम्यान जड होतो. त्या अवस्थेला येथे मधली मरगळ म्हटले आहे. ती बहुतेकांना गाठते, आणि गाठणार हे आधी ठाऊक असले तर तिच्यातून निघणे पुष्कळ सोपे जाते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलणाऱ्या इंदूरच्या लेखकाला या मरगळीचे एक खास कारण भेडसावते. या नोंदीत त्यालाच जास्त जागा दिली आहे.

तीस दिवसांत 50,000 शब्दांची कादंबरी लिहिण्याच्या या उपक्रमाची सुरुवात ख्रिस बेटी यांनी जुलै 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात केली. पहिल्या वर्षी 21 जण लिहायला बसले आणि 6 जणांनी 50,000 शब्द पुरे केले. पुढच्या वर्षापासून नोव्हेंबर महिना ठरला, कारण तिकडे तेव्हा हवा वाईट असते आणि माणसे घराबाहेर पडत नाहीत. पुढे नॅनोरायमो (‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’चे लघुरूप) या नावाने तो जगभर पोचला. तो चालवणारी संस्था बंद होत असल्याचे 2025 मध्ये जाहीर झाले; पण त्यासाठी लागते ती वही आणि वेळ, त्यामुळे लिहिणारे आपापला महिना पाळतातच. मुदतीवर कादंबरी लिहिणे मराठीला नवे नाही. हरि नारायण आपटे यांनी 1890 मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या.

इंदूरचा नोव्हेंबर मात्र घरात बसवणारा नाही. थंडी नुकती पडू लागलेली असते, सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ बाजारात, गराडू हा कंद तळला जातो, तुळशीचे लग्न लागले की पत्रिका यायला लागतात. काही वर्षी तर दिवाळीच महिन्याच्या मध्यावर येते : लक्ष्मीपूजन 2020 मध्ये 14 नोव्हेंबरला होते, 2023 मध्ये 12 नोव्हेंबरला. तीन दिवस वही उघडलीच जात नाही आणि चौथ्या दिवशी ती उघडायची भीती वाटते.

मरगळीचे मूळ मोजण्यात आहे. दिवसाला 1,667 शब्द धरले, तर दुसऱ्या दिवशीच्या लेखनाने काम दुप्पट होते. पंधराव्या दिवशी तेवढेच शब्द लिहून आधीच्या कामात जेमतेम चौदाव्या हिश्श्याची भर पडते. बोनेत्झी, ब्रेंडल आणि दे आंजेलिस या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दिसले : माणूस सुरुवातीला ‘किती झाले’ ते पाहतो, शेवटाकडे ‘किती उरले’ ते पाहतो, आणि मध्यावर दोन्हीकडून पाऊल लहानच दिसत असल्याने उत्साह सर्वांत कमी असतो. त्यात कथानकाची अडचण मिळते. ज्या प्रसंगाने कादंबरी सुचली तो पहिल्या आठवड्यातच लिहून संपलेला असतो.

आता इंदुरी कारण. समजा, अकराव्या दिवशी रामबागेतल्या घरातली आजी कुलूप लावायला निघाली आहे. तिच्या तोंडचे वाक्य कानात स्वच्छ ऐकू येते : ‘चाबी कुठे ठेवलीस रे? मी केव्हाची शोधून राहिली आहे.’ लेखक ‘चाबी’ लिहितो, खोडतो, ‘किल्ली’ करतो. मग ‘शोधून राहिली’ खटकते. पुण्याचा वाचक हसेल म्हणून ‘शोधते आहे’ होते. आता वाक्य शुद्ध झाले, पण आजी गेली. अर्धा तास त्या एका ओळीवर जातो आणि पान बंद होते. बाहेरून हा आळस दिसतो; आत स्वतःच्या घरच्या बोलीची लाज असते. 1917, 1935 आणि 2001 अशी तीन मराठी साहित्य संमेलने भरलेल्या या शहराने ती लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही. खर्ड्यात चाबी, अलमारी जशी ऐकू येते तशीच लिहावी. निवेदनाची भाषा कोणती, पात्रांची कोणती, हे सगळा मजकूर समोर आल्यावरच नीट ठरवता येते.

दुसरी गोष्ट आकड्याची. 50,000 हा आकडा इंग्रजीच्या मापाने बेतलेला आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. इंग्रजीला जिथे चार-पाच शब्द लागतात तिथे ‘घरासमोर’ या एकाच शब्दात भागते. म्हणजे तेवढ्याच शब्दसंख्येत मराठी लेखक जास्त मजकूर लिहितो. 40,000 वर थांबण्याचे आधीच ठरवले तर त्यात पळवाट नाही.

हाताने लिहिणाऱ्याने पान हेच माप धरावे. ओळीत 8 शब्द आणि पानावर 25 ओळी असतील तर पान 200 शब्दांचे होते. सव्वाआठ-साडेआठ पानांत दिवस भरतो.

चुकलेल्या दिवसांची भरपाई एका रविवारी करू नये. पंधराव्या दिवसाअखेर तीन दिवसांची, म्हणजे 5,000 शब्दांची तूट असेल, तर ती उरलेल्या पंधरा दिवसांवर पसरली की रोजचे काम 2,000 शब्दांचे होते. हा हिशेब कागदावर मांडला की वही उघडण्याची भीती निम्मी उतरते. अडलेला प्रसंग चौकटी कंसात ‘इथे साखरपुड्यातले भांडण’ एवढेच लिहून सोडावा आणि जो प्रसंग डोळ्यांसमोर आहे तो घ्यावा, मग तो शेवटचा का असेना. रात्री वाक्य अर्धे ठेवून उठणे हा जुना उपाय आहे; सकाळी ते पुरे करता करता हात चालू होतो. दोघांतिघांनी मिळून पंधरा मिनिटांचे घड्याळ लावून न बोलता लिहावे आणि नंतर फक्त आकडे सांगावेत. या टप्प्यावर मजकूर कोणालाही वाचून दाखवू नये, कौतुक करणाऱ्यालासुद्धा. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून कादंबरी वळण घेऊ लागते.

साधारण विसाव्या दिवशी ‘किती उरले’ हे माप लागू होते आणि हात पुन्हा हलका होतो. चौकटी कंस आणि ‘चाबी’ की ‘किल्ली’ हा प्रश्न डिसेंबरच्या पहिल्या वाचनात हाती घेतात.