मिंट मार्क बदललेलं नाणं ग्रेडिंगला पाठवलं, तर लेबलवर काय येतं?

पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांकडे अमेरिकन नाणी पाठवणाऱ्या बऱ्याच जणांचा हिशोब असा असतो की मिंट मार्कात (नाणं कुठल्या टाकसाळीत पाडलं ते सांगणाऱ्या अक्षरात) गडबड निघालीच, तर 'डिटेल्स' शेरा पडेल, पण स्लॅब, म्हणजे लेबल लावलेली सीलबंद डबी, तरी मिळेल. तसं होत नाही. 'डिटेल्स' हा शेरा अस्सल नाण्यासाठी आहे: घासून साफ केलेलं, ओरखडलेलं, रंग संशयास्पद असलेलं. मार्क डकवलेला किंवा खरवडलेला असेल तर नाणं अस्सलच धरत नाहीत. ते साध्या प्लास्टिकच्या पाकिटात, कारणाच्या चिठ्ठीसह परत येतं. संग्राहकांच्या भाषेत 'बॉडी बॅग'.

आणि फी जाते ती जातेच. त्यातही मोठी फी जाते, कारण फीचा टप्पा नाण्याच्या जाहीर किमतीवर ठरतो. फॉर्मवर '१९१६-डी डाइम' (दहा सेंटचं, डेन्व्हर टाकसाळीच्या 'डी' मार्काचं नाणं) लिहिलंत की अस्सल १९१६-डीच्या किमतीचा टप्पा घ्यावा लागतो, हातात बिनमार्काची साधी १९१६ची डाइम असली तरी.

सभासदत्व, फॉर्म, विमा, पॅकिंग यात कुणी फारसं अडत नाही. अडतात ते कागदांवर. आजोबांच्या काळची पावती, विक्रेत्याचं प्रमाणपत्र, जुन्या लिलावाची यादी, काहीही जोडा, निर्णय भिंगाखालच्या धातूवरच होतो.

म्हणून पाठवण्याआधी दहापट भिंग घ्या. १९१६-डी फक्त २,६४,००० पाडली गेली, तर त्याच वर्षी फिलाडेल्फियात बिनमार्काच्या सव्वादोन कोटींच्या आसपास. त्यामुळे बिनमार्काच्या नाण्यावर 'डी' चिकटवणं हा जुना धंदा आहे. अस्सल मार्क पृष्ठभागातूनच वर आलेला दिसतो. चिकटवलेल्याच्या पायाशी बारीक फट, सांधा किंवा वेगळ्या रंगाची कड दिसते. प्रकाश तिरका पाडून नाणं हळूहळू फिरवा, सांधा असेल तर एखाद्या कोनात चमकतो. मग मार्काची जागा पाहा. या नाण्याच्या 'डी'साठी मागच्या बाजूचे चारच साचे वापरले गेले, त्यातल्या एकाशीही जागा जुळत नसेल तर पोस्टाचा खर्च वाचवा. नाण्याची कडही तपासा. काही ठिकाणी कडेतून भोक पाडून मार्क आतून वर ढकलतात आणि भोक बुजवतात.

१९२२च्या सेंटमध्ये उलटा प्रकार. त्या वर्षी सेंट फक्त डेन्व्हरला पाडले गेले, तरी साचा खराब झाल्याने काहींवर 'डी' उमटलाच नाही. ते महाग, म्हणून साध्या नाण्यावरचा 'डी' खरवडतात. सर्वांत जास्त मागणी असलेल्या प्रकारात मागची बाजू ठसठशीत असते आणि सालातला दुसरा '२' पहिल्यापेक्षा स्पष्ट. मागची बाजू पुसट आणि 'डी'च्या जागी घासल्याच्या रेषा दिसल्या, तर आशा सोडा.

याउलट काही जण चांगली नाणी घाबरून घरीच ठेवतात. १९३८च्या काही बफेलो निकेलवर (पाच सेंटच्या नाण्यावर) सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एस'वर 'डी' दिसतो, ती टाकसाळीची स्वतःची करामत आहे. तो प्रकार लेबलवर यायला हवा असेल तर त्यासाठी फॉर्मवर वेगळी मागणी आणि जादा फी लागते का, ते आधी पाहून घ्या.

मुदतीचं गणित बहुतेकांचं चुकतं. सेवेचे दिवस कामाचे असतात, आणि पार्सल पोचल्यापासून नव्हे, नाणं त्यांच्या यंत्रणेत नोंदल्यापासून मोजतात. विक्रेत्याची परतीची मुदत तेवढी थांबत नाही. नाणं विकत घेतानाच 'अस्सल न ठरल्यास परत घेईन' असं लेखी घ्या.