गील: संत डिम्फना आणि घरोघरी राहणारे मनोरुग्ण

गील हे बेल्जियममधल्या अँटवर्प प्रांतातलं, केम्पेन भागातलं गाव, आता ४० हजारांच्या आसपास वस्ती आहे म्हणजे शहरच म्हणायचं. बघण्यासारखं फार काही नाही, पण मानसोपचाराच्या इतिहासात याचं नाव टाळून पुढे जाता येत नाही, कारण इथली साधी शेतकरी-दुकानदार माणसं निदान १५व्या शतकापासून मनोरुग्णांना स्वतःच्या घरात ठेवून घेत आली आहेत. स्वतःच्या नात्यातले नाहीत हं, पार परके, कुठून कुठून आलेले, आणि कित्येक जण आयुष्यभरासाठी. याची सुरुवात कुठल्या डॉक्टरने किंवा सरकारी योजनेने केली नाही, ती झाली एका चर्चमुळे आणि एका संतमुलीवरच्या श्रद्धेमुळे.

ती मुलगी म्हणजे डिम्फना. कथा अशी सांगतात की ७व्या शतकात आयर्लंडमध्ये डेमन नावाचा एक छोटा राजा होता, त्याची बायको वारली आणि दुःखाने त्याचं डोकं फिरलं, त्याला राणीसारखीच दिसणारी दुसरी बायको हवी झाली आणि तशी सापडली फक्त पोटची मुलगी. डिम्फना आपला धर्मगुरू गेरेबर्नस याच्याबरोबर समुद्र ओलांडून गीलला पळाली, पण वाटेत त्यांनी खर्चलेल्या नाण्यांवरून बापाने माग काढला, धर्मगुरूला मारलं आणि मुलगी ऐकेना म्हणून स्वतःच्या हाताने तिचं डोकं उडवलं. तेव्हा ती १५ वर्षांची होती म्हणतात. आता यातलं इतिहास म्हणून सिद्ध होण्यासारखं जवळपास काहीच नाही, ही कथा कागदावर आली तीच १३व्या शतकात, कांब्रे इथल्या एका पाद्र्याने लोकांच्या तोंडून ऐकून लिहिली तेव्हा. गंमत बघा, यात वेडी ती नाही, वेडा तिचा बाप आहे, आणि त्याच्या वेडापायी जीव गेलेली मुलगी पुढे वेड लागलेल्यांची कैवारी झाली. भाविकांचा हिशेब असा की बापाच्या अंगात शिरलेल्या सैतानापुढे ती झुकली नाही, म्हणजे त्या सैतानावर तिचा जोर चालतो. म्हणूनच तिच्या चित्रांत पायाशी साखळीने बांधलेला सैतान आणि हातात तलवार दिसते.

१३४९ पासून तिच्या नावाचं मोठं चर्च बांधायला घेतलं, १४८९ ला ते जळालं, परत बांधलं. आजूबाजूच्या मुलखातून लोक आपली माणसं घेऊन यायला लागले, आणि चर्चला लागूनच एक खोली होती, रुग्णांची खोली, तिथे रुग्णाने नऊ दिवस राहायचं. नोवेना म्हणजे काय हे माहीमच्या बुधवारच्या नोवेनामुळे मुंबईतल्या बिगरख्रिस्ती लोकांनाही ठाऊक आहे, इथली नोवेना मात्र जास्त कडक, नऊ दिवस प्रार्थना, संताच्या अस्थींच्या पेटीखालून गुडघ्यांवर सरपटत जाणं, आणि सैतान काढायचे विधी. नऊ दिवसांत बरं वाटलं तर घरी, नाही वाटलं तर परत नऊ दिवस. मग व्हायला लागलं काय, की खोली भरली, जागा पुरेना, तेव्हा चर्चच्या लोकांनी गावकऱ्यांना सांगितलं की तोवर यांना तुमच्याकडे ठेवा. आणि बरे न झालेले कित्येक जण तिथेच राहिले, कारण घरच्यांनाही ते परत नकोच होते, ते पैसे देऊन मोकळे व्हायचे.

हे सगळं फार सोज्वळ होतं असं समजायचं कारण नाही. रुग्णांच्या पायात बेड्या असायच्या, १७व्या शतकात तर त्यांचे हातपाय बांधून ठेवा म्हणून गावकीचे हुकूम निघालेत, आणि शेतावर फुकट राबणारा माणूस मिळतो हा स्वार्थ होताच की. पण तरी माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. सैतान काढायच्या विधीने कोणाचं काय झालं देव जाणे, फरक पडला तो विधी संपल्यानंतरच्या आयुष्याने, म्हणजे सकाळी गाईंचं बघायचं, दुपारी घरच्यांबरोबर एकाच टेबलावर जेवायचं, संध्याकाळी पोरं सांभाळायची. आणि ती श्रद्धा नसती तर हे लोक त्या दारापर्यंत पोचलेच नसते, हेही तितकंच खरं, त्यामुळे एकाला श्रेय देऊन दुसऱ्याला हाकलता येत नाही.

ख्रिस्ती जगात वेड म्हणजे आजार की सैतान हा घोळ जुनाच आहे. पण चर्च सरसकट सैतानच मानायचं असंही नाही, १६१४ च्या रोमन विधिग्रंथातच पाद्र्याला बजावलंय की कोणाला सैतानाने धरलंय यावर सहजासहजी विश्वास ठेवू नको, आजाराची लक्षणं वेगळी ओळखायला शीक. कागदावर हे, आणि प्रत्यक्षात कधी कधी फार भयंकर. जर्मनीतली अ‍ॅनेलीझ मिशेल ही एपिलेप्सीचं निदान झालेली कॉलेजची मुलगी, १९७५-७६ मध्ये बिशपच्या परवानगीने तिच्यावर ६७ वेळा सैतान काढायचे विधी झाले, औषधोपचार सुटले, खाणंपिणं सुटलं आणि १ जुलै १९७६ ला ती २३व्या वर्षी उपासमारीने गेली. १९७८ मध्ये आईवडील आणि दोन पाद्री दोषी ठरले. पुढे १९९९ मध्ये व्हॅटिकनने हा विधी नव्याने लिहिला तेव्हा आधी डॉक्टरी बाजू तपासा हे आणखी स्पष्ट केलं. गीलचं चर्चही याच परंपरेतलं, फक्त तिथे विधीनंतर रुग्णाला जायला एक घर होतं.

१९व्या शतकात सगळं सरकारकडे गेलं. त्याआधी १८०३ मध्ये ब्रसेल्सच्या प्रीफेक्टने, म्हणजे फ्रेंच राजवटीतल्या जिल्हाधिकाऱ्याने, तिथल्या कोंदट जागेतले वेडे उचलून गीलला पाठवले होते, १८२१ ला फ्रेंच डॉक्टर एस्किरोल स्वतः येऊन बघून गेला, आणि वेड्यांना असं मोकळं सोडायचं की भिंतीआड ठेवायचं यावर युरोपभर डॉक्टरांची भांडणं जुंपली. १८५० च्या कायद्यानंतर गील ही मनोरुग्णांची सरकारी वसाहत झाली, डॉक्टर आले, १८६२ मध्ये छोटं हॉस्पिटल झालं, नवा रुग्ण आधी तिथे ठेवायचा, बघायचा, मग घर ठरवायचं. १८८० मध्ये चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या बापानेही पोराला इथे टाकायचं मनात आणलं होतं, व्हिन्सेंटने ते होऊ दिलं नाही.

सर्वात जास्त रुग्ण होते १९३८ मध्ये, ३,७०० च्या वर, आणि तेव्हा गावची वस्ती होती १६ हजारांच्या आसपास. म्हणजे रस्त्यात, दुकानात, चर्चमध्ये सगळीकडे ही माणसं. गावकरी त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, कोस्टगँगर म्हणतात, म्हणजे पैसे देऊन जेवूनखाऊन राहणारा. ज्यांच्या घरी ठेवायचं त्यांना निदानाचं नाव मुद्दाम सांगत नाहीत, स्वभाव आणि काय जपायचं तेवढंच सांगतात. एक किस्सा नेहमी ऐकायला मिळतो, एका कोस्टगँगरला भिंतीतून सिंह येताना दिसायचे, तर घरची बाई त्याला समजावत बसायची नाही, हातवारे करून सिंहांनाच हाकलून द्यायची, आणि त्याचं भागायचं. आता कुठलाही डॉक्टर हे करा असं लिहून देणार नाही, पण त्या घरात ते चालायचं. म्हातारे मालक गेले की कोस्टगँगर त्यांच्या मुलांकडे राहायचा, वारशासारखा.

नंतर आकडा घसरत गेला, २००० च्या सुमारास पाचशेच्या आसपास आणि नंतर आणखी खाली. १९५० नंतर औषधं आली, शेती गेली, बायका नोकरीला लागल्या, दिवसभर घरात कोण असणार, आणि सरकारकडून मिळणारा भत्ता काही फार नाही. डिम्फनाची भक्ती उलट बाहेर पसरली, अमेरिकेत ओहायोमधल्या मॅसिलन इथे तिचं तीर्थस्थान आहे, १५ मे ला तिचा सण करतात, आणि गोळ्या घेणारे लोक गळ्यात तिचं मेडलही घालतात. २०२३ मध्ये युनेस्कोने गीलची पद्धत वारसा जपण्याच्या चांगल्या उदाहरणांच्या यादीत घेतली. नक्कलही झाली, बेल्जियममध्येच फ्रेंच भाषकांसाठी १८८४ ला लिएर्न्यो, फ्रान्समध्ये १८९२ ला द्युन-स्युर-ओरों, जिथे पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळांतल्या निरुपद्रवी म्हाताऱ्या बायका घरोघरी ठेवल्या. जपानमध्ये क्योटोजवळच्या इवाकुरा गावात दाइउनजी मंदिरामुळे असंच काहीसं स्वतंत्रपणे घडलं होतं, तिथेही भाविक देवदर्शनाला आपले रुग्ण आणायचे आणि ते आसपासच्या शेतकऱ्यांकडे राहायचे, गीलचं नावसुद्धा न ऐकता.