बर्गरला पंधरा मिनिटं का लागतात?

गर्दीच्या वेळी काउंटरवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून हा कागद.

बाबांनी नागपुरात बुलडीत (सीताबर्डीत) हातगाडी लावली तेव्हा बर्गर म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगावं लागे. मॅकडोनाल्ड्स भारतात आलं 1996 मध्ये, तेही दिल्ली-मुंबईत. बाबांचं उत्तर ठरलेलं: "बनमधली आलूची टिक्की आहे भाऊ, वरून तर्री नाही मिळणार." पुढे गाडीचं दुकान झालं, आता हिशेब ताईची मुलगी बघते. तवा मात्र बाबांनी इतवारीतून आणलेलाच आहे.

हा तवा बिडाचा. काळाकुट्ट दिसतो म्हणून तो धुतच नाही, असं काहींना वाटतं. रोज रात्री गरम पाण्याने धुऊन, कोरडा करून त्यावर तेलाचा हात फिरवतो. तापून तापून तेलाचा पातळ थर बिडावर पक्का बसतो आणि त्याच्यामुळेच टिक्की चिकटत नाही. एकदा भाच्याने हौसेने तारेच्या घासणीने तवा चकचकीत केला. पुढचा आठवडाभर टिक्क्या उलथन्याने खरवडून काढल्या!

आलू आदल्या रात्री उकडून फ्रिजमध्ये ठेवतो. गार झाल्यावर त्यांचा चिकटपणा कमी होतो, टिक्की फुटत नाही आणि त्यात ब्रेडचा चुरा कोंबावा लागत नाही. सांभार (कोथिंबीर), मिरची सकाळी पडते. टिक्की तव्यावर जाते ती तुम्ही ऑर्डर दिल्यावरच. पंधरा मिनिटं जातात ती इथे.

मे महिन्यात पार्सलमध्ये मेयोनेज देत नाही, यावरून रुसवे होतात. पारा 32 अंशांच्या वर असला की असा पदार्थ तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, आणि आपल्याकडे तर तो 45 पर्यंत जातो. त्याऐवजी लसणाची कोरडी चटणी देतो.

अमेरिकेत न्यू हेवनला 'लुईज लंच' हे दुकान 1895 पासून एकाच घराण्याकडे आहे. तिथे बर्गर अजून भाजलेल्या ब्रेडमध्येच देतात आणि केचप मागूनही मिळत नाही. आम्ही इतके कडक नाही. दोन पुड्या देतो, तिसरी मागावी लागते.

वाढदिवसाला वीसच्या वर बर्गर हवे असतील तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत सांगा. आलू रात्रीच उकडावे लागतात.