पहिला पैसा बऱ्या रस्त्याला

पावसाने उघडीप दिली की मराठवाड्यातल्या कुठल्याही शहराची बातमी ठरलेली असते: खड्डे बुजवायला अमुक कोटी मंजूर. संभाजीनगर असो, लातूर असो की नांदेड, यादीत सगळ्यात वाईट रस्ते सगळ्यात वर असतात आणि आपल्यालाही ते रास्त वाटतं. माझं मत उलटं आहे. देखभालीचा पहिला पैसा बऱ्या रस्त्यांवर घालावा. कारण डांबराखालच्या काळीत दडलंय.

दख्खनचा बेसाल्ट झिजून झालेल्या आपल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचा एकेक पापुद्रा जेमतेम 1 नॅनोमीटर जाड, वर-खाली सिलिकाचे थर आणि मध्ये ॲल्युमिनाचा. या मधल्या थरात काही ठिकाणी ॲल्युमिनियमची जागा मॅग्नेशियमने घेतलेली असते. तीन धनप्रभारांच्या जागी दोनच आले, म्हणजे पापुद्र्यावर ऋणप्रभार उरला. तो फेडायला सोडियम, कॅल्शियमचे आयन पापुद्र्यांच्या फटीत येऊन बसतात. पाणी शिरलं की त्याचे रेणू या आयनांभोवती जमतात आणि भिजलेल्या वहीच्या पानांसारखे पापुद्रे एकमेकांपासून सुटू लागतात. माती फुगते. पाणी गेलं की आकसते. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या यामुळेच. कोकणातल्या जांभ्या मातीत प्रामुख्याने केओलिनाइट असतं. त्याचे पापुद्रे हायड्रोजन बंधांनी जखडलेले असतात, म्हणून ती अशी फुगत नाही.

कोरडी काळी कुदळीला दाद देत नाही, भिजलेल्या काळीत पाय रुततो. म्हणूनच रस्त्याचा आराखडा करताना मातीचा नमुना 4 दिवस पाण्यात ठेवून मग त्याची ताकद मोजतात. उत्तम खडीचे 100 गुण धरले, तर भिजलेल्या काळीला बऱ्याचदा 2-3 मिळतात. बांधतानाच मातीत चुना मिसळला तर कॅल्शियम सोडियमला हुसकावतो आणि फुगणं कमी होतं. पण झालेल्या रस्त्याखाली चुना कसा घालणार? तिथे एकच उपाय: पाणी खाली जाऊ द्यायचं नाही.

ऊन आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे डांबर कडक, ठिसूळ होतं आणि बारीक भेग पडते. त्या भेगेतून पाणी खडीत आणि खडीतून काळीत उतरतं. वरून उसाचा ट्रक जातो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 दरम्यान झालेल्या मोठ्या चाचणीतून दिसलं की रस्त्याचं नुकसान साधारण आसावरच्या भाराच्या चौथ्या घातानुसार वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान सोळा पट. आपल्याकडे 2018 मध्ये चार चाकांच्या एका आसाची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टन झाली. चौथा घात काढून पाहा, एका फेरीचं नुकसान सुमारे 1.6 पट होतं.

म्हणून रस्ता सरळ रेषेत खराब होत नाही. बरीच वर्षं बरा दिसतो, मग दोन-तीन पावसाळ्यांत ढासळतो. अभियंत्यांचा ढोबळ ठोकताळा असा: आयुष्याच्या पहिल्या 75 टक्के काळात दर्जा 40 टक्के घसरतो आणि पुढच्या 12 टक्के काळात आणखी 40 टक्के.

आता अंदाजपत्रक. समजा, शहरात 100 किलोमीटर रस्ते आहेत. त्यातले 30 उत्तम, 40 नुकते भेगाळलेले, 30 उखडलेले. भेगा भरून सीलकोट म्हणजे वरून डांबराचा पातळ थर द्यायला किलोमीटरला 5 लाख आणि नव्याने बांधायला 1 कोटी लागतात असं धरू. हाती 2 कोटी. उखडलेल्यांतले 2 किलोमीटर बांधले, तर ते 40 किलोमीटर हळूहळू उखडलेल्यांच्या रांगेत जातात. तेच 2 कोटी भेगांवर घातले, तर चाळीसच्या चाळीस वाचतात. उखडलेल्या रस्त्यांवर तोवर जीव वाचवण्यापुरतं पॅचवर्क करावंच लागेल, त्यासाठी वेगळी रक्कम हवी. नगरसेवकाला मात्र हे प्रभागात पटवून सांगणं अवघड जातं. भेगेपुढे कोण नारळ फोडणार?

‘सगळं काँक्रीट करा, कटकट मिटेल’ हाही भाबडेपणाच. खालची काळी तशीच ठेवली, तर काँक्रीटही तडकतं, आणि जलवाहिनीसाठी फोडायचं म्हटलं की खर्च आणखी वाढतो. अपघाताच्या खड्ड्याशी लिंबू उतरवून टाकण्यापेक्षा शेजारच्या गटाराचं तोंड मोकळं केलं, तर त्या खड्ड्याचा खरा उतारा होईल.

पाऊस सरताच ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रत्येक रस्त्याला 0 ते 100 गुण द्यायला हवेत. भेगा किती, खोलगट किती, पाणी कुठे साचतं, एवढ्या नोंदी कनिष्ठ अभियंताही करू शकतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंदाजपत्रक मांडताना ती यादी टेबलावर असली, तर भेगा भरण्याचं काम मे महिन्याच्या आत उरकता येतं.